जुन्या सोसायटीत राहून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? (पुणे)

धायरीकरीण

माझ्या पेट्रोल स्कूटरचं इंजिन आता उघडावं लागेल असं मेकॅनिक म्हणतो. त्यात पैसे घालण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्यावी असं मनात आहे. धायरी ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं, वाटेत मुलीला क्लासला सोडणं, भाजी, सगळं धरून दिवसाला तीसेक किलोमीटर होतात. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून महिन्याचा हिशेब जड जातोय.

अडचण घराची आहे. आमची इमारत नव्वदच्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही, पार्किंग खाली. चार्जिंग पॉइंटबद्दल विचारलं तर कमिटी सरळ नाही म्हणाली. एक तर सोसायटीचं लाइटबिल वाढेल, आणि आग लागली तर जबाबदार कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला खरंच देता आलं नाही. बॅटरी काढून वर घरी नेता येते अशी गाडी घेऊ का? आणि रोज रस्त्यावर चालवणाऱ्यांनी बरे-वाईट दोन्ही अनुभव सांगा.

वायरमन_कोथरूड

ताई, मी परवानाधारक वायरमन आहे. कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता या भागातल्या सोसायट्यांमध्ये चार्जिंगचे पॉइंट काढून देतो आणि स्वतः इलेक्ट्रिकच चालवतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पैशाचं आधी उरकून घेऊ. ३ किलोवॅट-अवरची (म्हणजे ३ युनिट साठवणारी) बॅटरी पूर्ण भरायला सॉकेटमधून साडेतीन युनिटच्या आसपास वीज जाते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये त्यात ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा याहून मोठा असतो, तो धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो आणि स्कूटरची युनिटं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. म्हणून वहन आकार, वीजशुल्क सगळं मिळून युनिटला १३ रुपये धरा. तरी किलोमीटरला पन्नास-पंचावन्न पैशांत भागतं. तुमची पेट्रोलची गाडी लिटरला ४५ देत असेल तर तिथे सव्वादोनच्या वर जातात. तुमच्या फिरण्याला महिन्याचे हजार-पंधराशे सहज वाचतील.

आता कमिटीचा पहिला मुद्दा. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत मीटर रूम जिन्याजवळ किंवा पार्किंगमध्येच असते. म्हणजे तुमच्या घराचा मीटर तुमच्या गाडीपासून बहुतेक वेळा पंधरा-वीस फुटांवर असतो! तुमच्याच मीटरच्या पुढून वेगळी लाइन काढायची, पाइपातून पार्किंगपर्यंत न्यायची आणि कुलपाच्या पेटीत सॉकेट बसवायचं. बिल तुमच्या नावावर येतं, सोसायटीला एक पैसाही लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांपासून घरी खासगी चार्जिंगला मुभा आहे. लोडचीही भीती नको. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर ७५० वॅटच्या आसपास असतो आणि बाथरूममधला गिझर २००० वॅट ओढतो. फरक एवढाच की गिझर पाव तासात बंद होतो आणि चार्जर चार-पाच तास सलग चालतो. ढिल्या सॉकेटला, जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला हे सलग चालणं सोसत नाही. तिथे गरम होतं, काळं पडतं. म्हणून तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर, १६ अँपिअरचा चांगला पॉवर पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की पडणारा ब्रेकर), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा ब्रेकर) आणि मोजून घेतलेलं अर्थिंग हवं. जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी दिसते, पण जमिनीत खाली काही शिल्लक नसतं. काम करणाऱ्याकडून मीटर लावून रीडिंग दाखवून घ्या.

आगीचं. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ तुमच्या कमिटीनेही पाहिला असेल. तेव्हा देशभरात अशा घटना घडल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत तो लागू झाला. त्यानंतर बनलेली गाडीच घ्या. जुन्या स्टॉकची स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. तरीही धोका शून्य झालेला नाही, हे कमिटीला स्पष्ट सांगा. लिथियमची आग सेलच्या आतून वाढते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण सेल थंड होत नाही. त्याला भरपूर पाणी मारत राहावं लागतं. म्हणून मी जिन्याखाली पॉइंट काढून देत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. तीन मजल्यांना उतरायला तो एकच जिना. तिथे धूर भरला तर वरची माणसं अडकतील. पार्किंगच्या मोकळ्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीशी पॉइंट घ्या, मीटर रूमपासूनही लांब.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगतो. कमिटी नाही म्हणते आणि विषय संपला असं समजते. विषय संपत नाही. लोक दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्डची वायर खाली सोडतात, खिडकीच्या सळईवर घासत, पावसात भिजत. ना अर्थिंग, ना ब्रेकर. मी अशा वायरी हाताने ओढून बघितल्यात, इन्सुलेशन चिरलेलं असतं आणि खाली पोरं खेळत असतात. आगीच्या भीतीने नकार द्यायचा आणि त्यातून याहून मोठी भीती तयार करायची! सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मांडा. नीट पॉइंट द्या आणि गॅलरीतून वायर सोडायला बंदी करा, दोन्ही ठराव एकदमच.

बॅटरी वर न्यायचं म्हणाल तर ती एकेक दहा-अकरा किलोची असते. तीन जिने रोज. शिवाय ती घरात, बंद दाराआड चार्ज होणार. तुमच्या जागी असतो तर मी पार्किंगचाच आग्रह धरला असता.

चालवायला गाडी उत्तम. सिग्नलला धूर नाही, गुडघ्याशी इंजिनची धग नाही. मात्र पिकअप पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. पहिल्या पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर मागचं चाक सटकतं, तेव्हा इको मोडवरच ठेवा.

पांढरी_काठी

मी लिहिणार नव्हतो, पण चांगले-वाईट दोन्ही विचारलंय म्हणून लिहितो. मला दिसत नाही. टिळक रस्ता, अलका चौक हा माझा रोजचा भाग आणि तो मी कानांनी ओलांडतो. रिक्षा, बस, पेट्रोलची दुचाकी किती लांब आहे, थांबतेय की वळतेय, हे इंजिनच्या आवाजावरून कळतं. इलेक्ट्रिक स्कूटर हळू आली की काहीच कळत नाही, काठीला चाक लागतं तेव्हाच समजतं. वेगात असली तर टायरचा आवाज तरी येतो. पाऊस पडून गेल्यावर पाण्यातून चाक जाताना छान ऐकू येतं.

धूर कमी झाला हे मलाही जाणवतं आणि ते हवंच आहे. त्रास जास्त होतो तो ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा. २५० वॅटपर्यंतच्या मोटरला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. पार्सल पोचवणारी मुलं त्या फुटपाथवरून, उलट्या दिशेने आणतात. त्यांच्यावर वेळेचं दडपण असतं हे मला कळतं. पण धक्का लागला तर तक्रार तरी कोणत्या नंबरची करायची? ताई, तुम्ही गाडी घेतलीत तर एवढं करा. काठीवाला दिसला की अंगाशी येऊन हॉर्न वाजवू नका, माणूस दचकून भलतीकडे पाऊल टाकतो. थांबा आणि तोंडाने सांगा, "काका, जा तुम्ही."

वारजे_गॅरेज

माझं पेट्रोल गाड्यांचं गॅरेज आहे, तरी घेऊ नका असं म्हणणार नाही. फक्त वॉरंटी नीट वाचा. बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च कित्येक हजारांत जातो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन आठ वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, ती घ्या. केंद्र सरकारचं अनुदान पूर्वीसारखं राहिलेलं नाही. बॅटरीच्या किलोवॅट-अवरला १५ हजार होतं, जून २०२३ पासून १० हजार झालं, एप्रिल २०२४ पासून ५ हजारांवर आलं आणि पुढे त्याहूनही घटलं. आणि बुकिंगच्या आधी सर्व्हिस सेंटरच्या दारात एक सकाळ उभे राहा, परत आलेल्या गाड्या किती दिवसांपासून पडून आहेत ते तिथल्या गिऱ्हाइकांनाच विचारा.

धायरीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लक्षात ठेवेन आणि मुलीलाही सांगेन. वायरमनदादा, आणखी एक विचारते. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत नदीचं पाणी कसं शिरलं ते आपण पाहिलंय. आमच्याकडे नदी येत नाही, पण जोराच्या पावसात ओढ्याचं पाणी पार्किंगमध्ये घोट्याच्या वर चढतं. मग खाली पॉइंट घेणं बरोबर आहे का?

वायरमन_कोथरूड

हे विचारलंत ते फार बरं केलंत. भिंतीवर जुन्या पाण्याची खूण असेल, तिच्या निदान तीन फूट वर सॉकेटची पेटी घ्या. वायर वरून, स्लॅबच्या कडेने आणायची, जमिनीतून नाही. पाणी चढायला लागलं की आधी ब्रेकर पाडा, मग गाडी हलवा. चांगल्या बॅटरीवर आयपी-६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. रात्रभर बुडालेल्या बॅटरीला तो लागू नाही. अशी बुडालेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका. ढकलत उघड्यावर न्या, इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब, आणि कंपनीच्या माणसाने बॅटरी तपासेपर्यंत तिथेच ठेवा. आत गेलेलं पाणी काही दिवसांनीही शॉर्ट करू शकतं.

सभेच्या आधी मीटर रूमचा आणि पार्किंगचा फोटो इथे टाका. लाइन कुठून न्यायची ते खुणा करून देतो.