सल्ला हवा: वायरशार्क मुळापासून काढायचाय, त्याजागी हलकं काय टाकू?

सेक्टरपंधरा: नमस्कार. ऐरोलीत राहते, काम घरूनच. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्स). संध्याकाळी सात वाजले की नेट रांगायला लागतं, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. डेटा कोण खातंय ते बघावं म्हणून वायरशार्क हा नेटवरचा डेटा तपासणारा प्रोग्राम टाकला. टाकताना एक प्रश्न आला, घाईत ‘नो’ दाबलं. आता त्यात वाय-फायचं नावच दिसत नाही. वैतागून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह वायरशार्क’ केलं, तरी मेनूत तो आहेच! काय चुकलं?

खारेगाव_खाडी: ताई, चूक तुमची नाही. २२.०४ मध्ये ‘वायरशार्क’ नावाचं पॅकेज म्हणजे नुसतं वेष्टन. खरा माल ‘वायरशार्क-क्यूटी’ आणि ‘वायरशार्क-कॉमन’मध्ये असतो. तुम्ही वेष्टन काढलंत.

‘सुडो ॲप्ट पर्ज’ लिहून पुढे ही दोन्ही नावं द्या. (उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांतच टाका.) मग ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’, म्हणजे सोबत आलेली, आता कुणालाच न लागणारी पॅकेजंही जातील. ‘वाय’ दाबण्याआधी यादी नीट वाचा, त्यात तुमच्या कामाचंही काही निघू शकतं. रिमूव्ह सेटिंग मागे ठेवतं, पर्ज तीही पुसतं. पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ‘एल’ (छोट्या लिपीतला) पर्याय देऊन यादी काढा. ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ दिसलं तर पॅकेज गेलंय, सेटिंग उरलंय. तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मधलं वायरशार्कचं फोल्डर मात्र पर्जही काढत नाही. ते हाताने उडवा.

पाचपाखाडी: तो प्रश्न महत्त्वाचा असतो. साध्या युजरला पॅकेट (नेटवरून ये-जा करणारे डेटाचे छोटे तुकडे) पकडू द्यायची का, असं तो विचारतो. ‘यस’ म्हटलं की वायरशार्क नावाच्या ग्रुपला परवानगी मिळते. मग स्वतःला त्या ग्रुपमध्ये घालून लॉगआउट, लॉगिन करायचं. पुढे कधी लागला तर हेच करा. अख्खा वायरशार्क सुडोने चालवू नका, कळकळीने सांगते. बाहेरून आलेला डेटा उलगडणारा एवढा मोठा प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चालवणं धोक्याचं. पकडायचं काम आतला ‘डम्पकॅप’ हा छोटा प्रोग्राम करतो, अधिकार तेवढ्यालाच पुरे.

घणसोली_नाका: पण तुमच्या प्रश्नाला वायरशार्क लागतोच कुठे? पॅकेटच्या आत काय आहे ते बघायला तो. कुठला प्रोग्राम डेटा खातोय एवढंच हवं असेल तर नेटहॉग्ज टाका: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल नेटहॉग्ज’, मग ‘सुडो नेटहॉग्ज’. प्रोग्रामवार किती गेलं, किती आलं ते लगेच दिसतं, ‘क्यू’ दाबलं की बंद. दिवसाचा, महिन्याचा हिशेब हवा तर व्हीएनस्टॅट. ते पॅकेट उघडत नाही, कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) आकडे वाचतं, त्यामुळे जुन्या मशिनला भार नाही.

यात फक्त तुमच्या लॅपटॉपचा डेटा दिसेल. घरातल्या टीव्ही-मोबाइलचा हिशेब राउटरच्या पानावर बघा.

सेक्टरपंधरा: सापडलं! पर्ज केल्यावर मेनूतून गेला. सातला नेटहॉग्ज लावलं, तर फोटोंचं बॅकअप सगळ्यात वर, पाठवण्याचा आकडा सतत चढा.

घणसोली_नाका: मग तेच. अपलोड तुडुंब भरला की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, म्हणून सगळंच मंदावतं. बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवा.

सेक्टरपंधरा: ठेवली. उद्या सातला मीटिंग आहे, झाली की इथे लिहिते.