सिकलसेल असलेल्या मुलीसाठी आठवीची शाळा निवडताना काय पाहावं?

प्रश्न (गडचिरोली जिल्हा)
भाची सातवी पास झाली, गावातली जिल्हा परिषद शाळा तिथंच संपते. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. दोन शाळा डोळ्यासमोर आहेत: चार किलोमीटरवरचं साधं विद्यालय, नाहीतर तालुक्याची नावाजलेली शाळा, पण एसटीनं तास लागते. शाळेत जाऊन नेमकं काय पाहू?

उत्तर 1
निकालाचा फलक मागाहून पाहा, आधी मुलींचं संडास पाहा. सिकलसेलमध्ये लघवीवाटे पाणी जास्त जातं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात. हातपाय, पाठ, छाती दुखायला लागते. दाराला कडी नसली, नळाला पाणी नसलं की मुली लघवीला जावंच लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. हिला ते अजिबात चालणार नाही. मधल्या सुट्टीनंतर जा. सकाळी सगळं धुतलेलं असते, खरं काय ते कळत नाही.

मग मुख्याध्यापकांना विचारा: तास चालू असताना बाकावरच्या बाटलीतलं पाणी पिऊ देता का? लघवीला लगेच सोडता का? थंडीत गणवेशावर जाड स्वेटर चालतं का? उशीर झाला तर उन्हात उभं करता का? 'पाहू' म्हणाले तर नाही समजा. खेळ मात्र पूर्ण बंद करायला लावू नका. दम लागला की तिला स्वतःहून थांबता आलं पाहिजे.

उत्तर 2
वरचं सगळं बरोबर, पण दवाखाना विसरू नका. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, थेट रुग्णालय. गाडी कोण काढणार, सोबत कोण जाणार, हे प्रवेशाआधीच ठरवून घ्या. रुग्णालय जवळ म्हणून इथं तालुक्याची शाळा सरस. पण पावसात भिजून, तासभर उभ्यानं एसटीत रोज जाणं होणार असेल तर मी जवळचीच घेईन.

आणखी एक. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी सगळ्यांना देतात. तिच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती हिला द्यायची नाही. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी, ती चालू राहते. डॉक्टरांकडून हे एका कागदावर लिहून घ्या आणि वर्गशिक्षकांच्या हाती द्या. वर्गशिक्षक बदलले की पुन्हा द्या, जुना कागद कपाटात पडून राहतो.

उत्तर 3
डोळे पिवळे दिसतात म्हणून पोरं कावीळ समजून बाजूला बसतात. हे लागण होणारं नाही, हे शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगायला पाहिजे. तयार आहेत का, विचारून घ्या.

2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत जातो. ते काम करणारा लिपिक कोण, तेही पाहा. दिव्यांग प्रमाणपत्राला वेळ लागते, आठवीतच अर्ज टाका.