सुप्याचा दंगा मोठा कशामुळे?

इतिहासात "जास्त माणसं मेली तीच घटना महत्त्वाची" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणबी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. रक्तपात जवळपास नाहीच. राग होता तो कर्जखतांवर अन् वह्यांवर. हाती लागली की जाळायची. तरी अभ्यासक तिथे थांबतात, कारण पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आला. म्हणजे ते परिणाम बघतात. शिवाय (हे जरा गैरसोयीचं आहे) आयोगाने कागद मागे ठेवले म्हणून आपण दंग्याबद्दल बोलतोय. जिथे नुसतीच धुसफूस झाली आणि कुणी टिपून ठेवली नाही, ते गाव किरकोळ कसं ठरवणार?