दंडाचं हाड मोडलं, मनगट उचलत नाही. नस तुटली असेल का?

खानापूरकर: भावोजी मोटारसायकलवरून पडले. दंडाचं हाड मधोमध मोडलंय, जखम उघडी नाही. प्लास्टरला सहा दिवस झाले. हात पुढे केला की मनगट खाली लोंबतं, बोटं मात्र थोडी हलतात. असं किती जणांना होतं? बेळगावात कुणाला दाखवायचं ओ?

अस्थिरोग_टिळकवाडी: हातापायाच्या सगळ्या दुखापती एकत्र धरल्या तर नसेला (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) मार बसणारे १०० मध्ये २-३च. पण दंडाला तो आकडा लावू नका. तिथं मनगट वर उचलणारी रेडियल नस हाडाला मागून चिकटूनच वळसा घेते, त्यामुळं हाड मधे मोडलं की १०० मध्ये ११-१२ जणांचं मनगट पडतं. जखम बंद असली तर बहुतेक वेळा नस ताणलेली किंवा चेंगरलेली असते, तुटलेली नसते, आणि आपोआप सुधारते.

बोटं हलतात म्हणून निर्धास्त राहू नका. बोटांची पुढची पेरं सरळ करणारे तळहातातले बारीक स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात. तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि नुसता अंगठा वर उचलायला सांगा. उचलत नसेल तर रेडियल नसच धरा.

ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नस आणि स्नायूंची करंटवरची तपासणी, आत्ता करू नका. नस तुटली तरी तिचा खालचा तुकडा काही दिवस करंट वाहतो, रिपोर्ट फसवा येतो. तीन आठवड्यांनंतर करा. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून धीर लागतोच. पण ३-४ महिन्यांत मनगटात काहीच जीव आला नाही तर उघडून बघायला लागतं. दीड वर्ष गेलं की स्नायू कायमचा वाळतो, मग नस जोडूनही उपयोग नाही.

फिजिओ_निपाणी: आजच कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर धरून ठेवणारा पट्टा) घ्या. मनगट २०-३० अंश वर राहिलं पाहिजे आणि बोटं मुळापासून मोकळी. मेडिकलमधले काही पट्टे बोटांच्या मधल्या पेरापर्यंत येतात, ते घेऊ नका, मूठ वळत नाही. दिवसातून चार वेळा पट्टा काढून दुसऱ्या हातानं मनगट आणि बोटं सावकाश १०-१० वेळा पूर्ण वर-खाली करा. नस परत आली आणि सांधेच आखडलेले असले तर हात तसाच राहतो. हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेणं नको, हाड अजून जुळलेलं नाही.

उगारचा_शेतकरी: ऊसतोडीत कोयता लागला तरी असंच थांबायचं का?

अस्थिरोग_टिळकवाडी: नाही! धारदार कापल्यावर बोट बधिर झालं तर नस कापलीच आहे असं धरून चाला. नुसती कातडी शिवून घरी येऊ नका. त्याच आठवड्यात नस जोडली तर टोकं नीट जुळतात. उशीर झाला की ती आखडतात आणि मग पायातली नस काढून मधे लावायला लागते.

खानापूरकर: अंगठा उचलत नाही. तीन आठवड्यांनी जातो.

अस्थिरोग_टिळकवाडी: हाताची ऑपरेशनं करणारा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन बघा, पहिला एक्स-रे घेऊन जा. आणि एक आत्ताच आठवा: प्लास्टरच्या आधी मनगट उचलत होतं का? आधी उचलत होतं आणि हाड बसवल्यावर पडलं असेल तर तीन आठवडे थांबू नका, उद्या सकाळीच दाखवा.