कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टर मृत्यूंना कंटाळून नोकरी सोडतात, हे खरं आहे का?

डेकेअर_सिस्टर

कॅन्सर वॉर्डात काम करते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कसं सहन होतं हो तुम्हाला?" आमच्यातल्या कितीतरी जणींनी हा विभाग मागून घेतलेला असतो. पेशंट एकदा येऊन जात नाही, केमोच्या सायकलमागून सायकल (म्हणजे औषधाच्या फेऱ्या) तोच चेहरा दिसतो. कॅन्युला हातात घेतली की तोच सांगतो, "सिस्टर, डावा हात नको, त्यातली शीर गेलीय." इतकी ओळख, इतका विश्वास दुसऱ्या वॉर्डात क्वचितच मिळतो. तरीही अनुभवी माणसं जातात. माझं मत सरळ आहे: काम वाईट म्हणून जात नाहीत, काम नीट करू देत नाहीत म्हणून जातात.

डॉक्सोरुबिसिन घ्या. केमोचं लाल रंगाचं औषध. शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. ते हळूहळू द्यायचं, दर दोन-तीन मिलीलिटरला रक्त परत येतंय का बघायचं, जळजळ होते का विचारत राहायचं. तेवढा वेळ खुर्चीवरून उठायचं नाही. आता शेजारच्या बेडचा पंप वाजतोय, पलीकडच्याला थंडी वाजून ताप भरलाय (केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं) आणि ड्युटीवर तुम्ही एकट्या. अशा संध्याकाळी घरी जाताना मेलेला पेशंट आठवत नाही, अर्धवट राहिलेलं काम आठवतं.

अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांच्या २००२ च्या अभ्यासात हेच आहे. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) शक्यता, ऑड्सच्या (होण्या-न होण्याच्या गुणोत्तराच्या) हिशेबात, २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नोकरीबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी. माणसं द्या, माणसं टिकतील.

रात्रपाळी

साफ असहमत. तो अभ्यास पेनसिल्व्हेनियातल्या सर्जरीच्या पेशंटांवरचा आहे, कॅन्सर वॉर्डाचा नाही. आणि एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून हे यामुळेच झालं असं ठरत नाही.

पण माझा आक्षेप आकड्यांवर नाही. "मृत्यू सहन होतात" हे वाक्य आपण इतक्यांदा म्हटलंय की आता आपल्यालाच खरं वाटायला लागलंय. पहाटे पेशंट जातो. नळ्या काढा, नातेवाइकांना आत घ्या, कागद करा, बेड पुसा. हँडओव्हरच्या आत त्याच बेडवर नवीन ॲडमिशन असते आणि तिच्याशी हसून बोलायचं असतं. रडायला कुणी मनाई करत नाही, फक्त वेळ नसतो. एकीला चारऐवजी दोन पेशंट दिलेत तरी हे तसंच राहणार. उलट दोनच असले तर त्या दोघांशी जास्त जीव लागतो!

शिवाय पेशंटांची संख्या आणि मृत्यू, या दोन्ही हिशेबांत एक गोष्ट येत नाही. पेशंट आता आठवड्याचा सोबती आहे हे वॉर्डातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं, तरी वरून चौथ्या ओळीची केमो (आधीचे तीन उपचार फसल्यावरची) लिहून येते. लिहिणारा राउंड घेऊन जातो, बाटली लावायचा हात माझा असतो. योग्य काय ते कळतंय पण व्यवस्था करू देत नाही, या घुसमटीला नीतितज्ज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं होतं. माझ्या ओळखीतल्या ज्या सोडून गेल्या, त्यांच्यातल्या बहुतेक यामुळे गेल्या.

रोस्टरवाला

मी तुमच्यासाठी खलनायक, म्हणजे ड्युट्या लावणारा. "माणसं द्या" म्हणणं सोपं आहे. केमो हाताळायला तयार झालेली सिस्टर बाजारात मिळत नाही, तिला घडवावी लागते. कातडीखाली बसवलेल्या पोर्टला (औषध द्यायच्या डबीला) सुई लावणं, औषध सांडलं तर काय करायचं, दोघींनी मिळून डोस तपासणं, हे सगळं अंगवळणी पडायला महिने जातात. आणि तयार झाली की दुसरं हॉस्पिटल जास्त पगार देऊन उचलतं. म्हणून शिकवल्यावर दोन वर्षांचा बाँड असावा या मताचा मी आहे. भावना वगैरे ठीक, पण बहुतेक राजीनाम्यांत मला पगारच दिसतो.

डेकेअर_सिस्टर

राजीनाम्यात पगार लिहिणं सोयीचं असतं हो. इन्चार्जशी पटत नाही, असं कुणी लिहून देतं का? बाँडने माणूस अडकतो. अडकलेला माणूस दोघींनी तपासायचा डोस एकटीने तपासून दोन सह्या करून टाकतो. असा स्टाफ तुम्हाला हवाय?

@रात्रपाळी, केमोचं पटलं. पण त्याचं मूळही व्यवस्थेतच आहे ना? राउंडला सिस्टरला बोलू दिलं, तिचं मत फाइलमध्ये आलं, तर निम्मी घुसमट तिथेच कमी होईल.

रात्रपाळी

बोलू दिलं तर. आमच्या राउंडला सिस्टर फाइल धरायला असते.

पूर्वाश्रमीची_सिस्टर

तुम्ही तिघंही धरून चालला आहात की टिकणं चांगलं आणि सोडणं वाईट. का? मी चांगली नर्स होते आणि तरीही कॅन्सर विभाग सोडला. आता लसीकरणाचं काम बघते, झोप लागते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाख यांच्या मोजपट्टीत बर्नआउटचं एक अंग म्हणजे पेशंट माणूस न वाटता केस वाटायला लागणं. तशी होऊनही खुर्ची न सोडणाऱ्या जणी मी पाहिल्यात. कागदावर त्या 'टिकलेल्या'. त्यांच्या हाताखाली पेशंट होऊन बघा.

काही वर्षांनी बदली मागण्याची आणि हवं तर परत येण्याची सोय असावी, तीही कमीपणा न मानता. मला तसं कुणी विचारलंच नाही. राजीनामा हा एकच दरवाजा उघडा होता.

रोस्टरवाला

परत येण्याच्या अटीवर बदली... हे करता येण्यासारखं आहे. पण पहिली तुकडी बाहेर पाठवली की तेवढे महिने वॉर्ड कोण चालवणार? उरलेल्याच ना? म्हणजे डेकेअर_सिस्टर यांच्या पेशंटांची संख्या आणखी वाढली.

डेकेअर_सिस्टर

म्हणूनच म्हणतेय, आधी माणसं.

पूर्वाश्रमीची_सिस्टर

आणि आधी माणसं मिळेपर्यंत आणखी दोघी जातील. एकीपासून सुरू करा की. सगळी तुकडी एकदम पाठवायला सांगितलंय कुणी?