मूळ कृती एकदाही न करता तिच्यात बदल करावेत का?

वाटीभर (धागाकर्ती):

परवा आमच्या घरात सूपवरून वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे मांडते.

भाजलेल्या टोमॅटोचं सूप करत होते. कृती नवी, पहिल्यांदाच हातात घेतलेली. शेवटी क्रीम घालायला सांगितलं होतं. घरात क्रीम नव्हतं, दूध होतं, म्हणून दूध घेतलं. लाल भोपळ्याची एक फोड उरली होती, तीही टोमॅटोबरोबर भाजली. भोपळा गोड असतोच म्हणून कृतीतली साखर गाळली. पातेलं रटरटत होतं. दूध ओतलं आणि अर्ध्या मिनिटात तो गुळगुळीत लाल रंग विस्कटला. आधी डावाच्या कडेला बारीक पांढरे कण दिसले, मग सगळीकडे, आणि कणांच्या मधून पिवळट पाणी सुटलं.

जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नवा पदार्थ पहिल्यांदा करताना लिहिलाय तसा करावा गं. एकदा हात बसला की मग हवं ते बदल." लग्न झाल्यापासून त्या मला हेच सांगत आल्यात, आणि प्रेमानेच सांगतात.

मला ते पटत नाही. लिहिलंय तसं केलं असतं तर सूप छान झालं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. फाटलं म्हणून कारण शोधत बसले. दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं. आंबटपणामुळे पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की ते गोळा होतं, आणि दूध कढत असेल तर त्याच्याही आधी. क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर आणि प्रथिन कमी, म्हणून ते आंबटात तग धरतं. मैदा लोण्यात परतून दूध त्यात घट्ट करून घेतलं तर दूधही बरंच टिकतं, कारण पिठातला स्टार्च या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. एक सूप फसलं, पण दही घातलेला रस्सा उकळला की का फाटतो, हेही त्यातूनच उलगडलं. इतकी वर्षं मी तो नुसता "फाटतो" म्हणून सोडून देत होते.

आणि हात बसल्यावर बदल करू, असं म्हणणाऱ्यांचा हात बहुतेकदा तिथेच बसून राहतो. हे मी माझ्याच माणसांत पाहिलंय. तुमचं काय मत?

मोजून_मापून:

मी जाऊबाईंच्या बाजूने आहे.

ताई, तुम्ही एकदम तीन गोष्टी बदललात. क्रीमच्या जागी दूध, जास्तीचा भोपळा, साखर बाद. फाटण्याचं कारण वाचून तुम्हाला कळलं, ते चांगलंच आहे. पण समजा सूप फाटलं नसतं, नुसतं बेचव झालं असतं, तर दोष कशाला दिला असता? भोपळ्याला? साखर नव्हती म्हणून आंबट झालं म्हणाला असतात? मूळ चव जिभेवर नसेल तर बदल सुधारणा होता की बिघाड, हे ठरवायचं कशाच्या आधारावर? प्रयोग म्हणायचं तर तुलनेला काहीतरी हवं ना.

मी केक करते. तिथे ही गोष्ट फार लवकर अंगाशी येते. सुरुवातीला मी गोड कमी हवं म्हणून साखर निम्मी केली. केक फिक्कट, कोरडा, दुसऱ्या दिवशी सुरी लावली की भुगा. तेव्हा कळलं की साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, केक मऊ ठेवते, वरचा रंगही बराचसा तिच्यामुळे येतो. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांचंही तेच. सोड्याला फुलण्यासाठी दही, ताक, लिंबू असं काहीतरी आंबट लागतं. बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच मिसळलेला असतो. एकीच्या जागी दुसरं तेवढंच घातलं की एक तर केक बसतो, नाहीतर तोंडात साबणासारखी चव राहते.

हे सगळं मलाही चुकूनच कळलं, हे मान्य. पण आधी एकदा सरळ केला असता तर चार केक वाया गेले नसते.

दोन_शिट्ट्या:

लिहिलंय तसं करा म्हणजे नेमकं कसं, हे कुणीतरी सांगा.

"कांदा पाच मिनिटं परतून तांबूस करावा." माझ्या पातेल्यात पाच मिनिटांत कांदा नुसता घाम गाळतो. तो गाळणारच. कांद्यातलं पाणी उडेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही आणि तांबूस रंग, भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. १९१२ मध्ये लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तांबूस होण्याची ही अभिक्रिया मांडली, आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कांदा खरा गडद करायचा तर अर्धा-पाऊण तास जातो. कृती लिहिणाऱ्याने पाच मिनिटं लिहिली, मी काय करू? कच्चा कांदा घेऊन पुढच्या ओळीवर जाऊ?

उंचीचंही तसंच. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास एक अंशाने खाली येतो. दीड हजार मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. समुद्रकाठच्या माणसाने लिहिलेली "२० मिनिटं शिजवा" ही ओळ डोंगरावरच्या माणसाला चुकीचीच आहे.

कृती लिहिणाऱ्याची चूल वेगळी, टोमॅटो वेगळे, मिठाचे खडेही वेगळे. पहिल्याच वेळी आपण सगळेच बदल करत असतो. धागाकर्ती ते डोळे उघडे ठेवून करतात, एवढाच फरक.

मोजून_मापून:

@दोन_शिट्ट्या, हा जुळवून घेण्याचा भाग झाला. कांदा तांबूस हवाय हे कृती सांगते, तुम्ही तो वेळ घेऊन तांबूस केलात, म्हणजे तुम्ही कृतीच पाळलीत. कांदा नको, त्याऐवजी कोबी घालते, हा बदल. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

ताटावरचा:

इतका वेळ सगळं गॅसच्या बाजूने चाललंय. मी ताटाच्या बाजूने लिहितो.

माझी आई उत्साहाने प्रयोग करायची. तिच्या हाताला चव होती, आजही आहे. पण शाळेतून भूक घेऊन आलेल्या मुलाला त्या दिवशी ताटात काय येणार हे कधीच माहीत नसायचं. मला आठवतं, तिने दह्यात कच्चा अननस घालून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी पहिल्या घासाला ते कडू लागलं. आई समोर बसली होती, हात पदराला पुसत, डोळे माझ्या चेहऱ्यावर. "कसं झालंय?" मी म्हणालो, छान झालंय. वाटी संपवली. मग तिने ते आणखी दोनदा केलं.

कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं आणि त्यानेच दही कडवटतं, अननस आधी शिजवून घेतला तर तसं होत नाही, हे मला खूप वर्षांनी कळलं. ते तिला तेव्हाच कळलं असतं, जर मी खरं बोलू शकलो असतो. पण राबून केलेल्या माणसाच्या तोंडावर कोण बोलणार?

म्हणून माझा मुद्दा कृतीचा नाही. प्रयोग करा, पण खाणाऱ्याला आधी सांगा, आणि त्या दिवशी बाजूला साधं काहीतरी असू द्या. त्याला नको म्हणायची जागा ठेवा. घरच्या माणसाला ती जागा आपणहून मिळत नाही.

वाटीभर:

@ताटावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती कधीच नावं ठेवत नाही. मी याचा मला अभिमान आहे असं सगळ्यांना सांगत होते. आज जेवताना तिला नीट विचारलं, "खरं सांग, मला राग येणार नाही." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "भोपळा सगळ्यात घालू नकोस."

मोजून_मापून, तीन बदल एकदम केले हा आक्षेप मान्य. पण मूळ चव माहीत नसली तरी तुलना करता येते. मी आता असं करते. रस्सा किंवा सूप तयार होत आलं की त्यातलं डावभर एका वाटीत काढते, जे घालून बघायचं ते त्या वाटीत घालते. लिंबाचे दोन थेंब, चिमूटभर मिरपूड, जे असेल ते. मग एक चमचा पातेल्यातला, एक चमचा वाटीतला, मध्ये घोटभर पाणी. फसलं तर वाटी फसते. मुलगी आता शेजारी चमचा घेऊन उभी राहते.

मोजून_मापून:

वाटीची पद्धत चांगली आहे, मीही करून बघेन. केकला मात्र ती चालणार नाही. तो भट्टीत गेला की गेला.

अळणी:

माझ्यासाठी हा वादच वेगळा आहे. वडिलांचा रक्तदाब वाढल्यापासून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी, तेही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आता सांगा, मी कुठली मूळ कृती आधी करू? मूळ कृती त्यांनी खायचीच नाही.

पहिला महिना ते ताट सरकवून उठायचे. बोलायचे नाहीत. मी हळूहळू शिकत गेले. लिंबू शिजताना पिळलं तर त्याचा वास उडतो, तेच वाढताना पिळलं तर मिठाची उणीव बरीच झाकली जाते. कांदा घाई न करता गडद केला, टोमॅटो परतून आटवला, थोडी अळंबी घातली, की चवीला भरीवपणा येतो. टोमॅटो आणि अळंबीत ग्लुटामेट नावाचा घटक असतो. त्याची ती भरीव चव १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ओळखून तिला उमामी नाव दिलं. थोडंफार मीठ घालायचं ते शिजताना न घालता शेवटी वरून भुरभुरते. जिभेला तेच आधी लागतं.

एक सांगते, कमी सोडियमचं मीठ मनाने आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. मी विचारूनच सोडून दिलं.

परवा वडिलांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. माझा मुद्दा म्हणाल तर एवढाच आहे.

मंद_आच:

अळणीताई, तुम्ही विचारून केलंत, ते सगळ्यात मोलाचं. मी त्याच मुद्द्यावर विरोधात लिहायला आले होते.

चव फसली तर एक जेवण फसतं. पण काही बदलांत चव फसतच नाही आणि माणूस आजारी पडतो. तिथे "करून बघू" चालत नाही. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजला तर त्यातल्या फायटोहिमॅग्लुटिनिन या विषारी प्रथिनामुळे काही तासांत जोरदार उलट्या होतात. भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायला हवं, मग पूर्ण शिजवायचा. उकळीपर्यंत न पोहोचणाऱ्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवला तर ते विष कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतं. माझं नाव मंद आच असलं तरी इथे मंद आच नको.

कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवणंही तसंच. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आंबटपणा नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना हेच हवं असतं. त्याला ना वास, ना चव. ताजं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा. साखरेऐवजी मध घालण्याची हौस अनेकांना असते, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. भात शिजवून रात्रभर बाहेर ठेवून सकाळी त्याचं नवं काही करायचं हेही नको. शिजवताना न मेलेले जंतूंचे बीजाणू त्यात वाढतात आणि त्यांचं काही विष परतल्यानेही जात नाही. दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये.

या चार ठिकाणी मी कुणाचंही स्वातंत्र्य मानत नाही, अगदी स्वतःचंही.

दोन_शिट्ट्या:

मंद_आच, शंभर टक्के मान्य. पण एवढं धरूनही माझं मत तेच. बटाटा, टोमॅटो, मिरची अमेरिका खंडाबाहेर पडली ती १४९२ नंतर. आज जगभरच्या स्वयंपाकघरांत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. कुणीतरी ते पहिल्यांदा पातेल्यात घातलंच ना, कृती नसताना?

मोजून_मापून:

घातलं, पण ज्यांनी घातलं त्यांचे हात आपल्या रोजच्या पदार्थात मुरलेले होते. नवी मिरची त्यांनी ओळखीच्या रस्स्यात घातली. नवा रस्सा आणि नवी मिरची एकाच दिवशी नाही. मी एवढंच म्हणतेय.

वाटीभर:

उशिरा लिहितेय, पण लिहायचंच होतं. रविवारी जाऊबाईंना बोलावून दोन पातेली ठेवली. एकात कृतीबरहुकूम, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच ओळ न ओळ वाचून. दुसऱ्यात माझं दूध, मैदा परतून घट्ट केलेलं.

वाचताना दिसलं की कृतीत शेवटी "गॅस बंद करून क्रीम घालावे" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी मागच्या वेळी ती ओळ वाचलीच नव्हती. क्रीम नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य सोडून दिलं होतं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण मला ते लागलं. कृती मोडायची तरी आधी पूर्ण वाचायला हवी, हे मी आता मानते. आधी एकदा करायलाच हवी, हे अजूनही मानत नाही.

क्रीमचं सूप जाऊबाईंना आवडलं, मलाही. मुलीने दुधाचं दुसऱ्यांदा मागितलं. भोपळा घातला नव्हता.

मोजून_मापून:

मैद्याचं प्रमाण काय घेतलंत?

वाटीभर:

कपभर दुधाला एक मोठा चमचा मैदा, तेवढंच लोणी. वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी मैदा अर्धा चमचा करून बघणार आहे, बाकी काही बदलणार नाही.