थोरेन्स टीडी १६० घ्यावा का? जुन्या बेल्ट-ड्राइव्हबद्दल सल्ला हवाय

तबकडीवेडा:
मंडळी, सत्तरच्या दशकातला एक थोरेन्स टीडी १६० रेकॉर्ड प्लेअर मिळतोय. लाकूड एकदम चकाचक, झाकणावर दोनचार ओरखडे. मशीन ६० हर्ट्झवाल्या देशातनं आलंय आणि माझ्याकडे वीज ५० हर्ट्झची, विकणारा म्हणतो तबकडी फिरवणारा रबरी बेल्ट नवा टाकलाय, ट्रान्सफॉर्मर लावा की झालं. संग्रहात ठेवायचाय पण रोज वाजवायचाही आहे. काय काय बघून घेऊ?

रेकॉर्डकिडा:
बेल्टचं कौतुक सोड, ती सगळ्यात स्वस्त वस्तू, कधीही बदलता येते. बेअरिंग (प्लॅटरचा दांडा ज्यात फिरतो ते) बघ आधी. वरचा मोठा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) उचललास की आत छोटा दिसेल, त्याच्यावरचा बेल्ट काढ आणि हाताने हलकंच फिरव, आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला तर उत्तम, खरखर करून पटकन थांबला तर आतला दांडा वर काढून बघ. नुसतं तेल काळं झालं असेल तर साफ होतं, दांड्यावर चरे असतील तर मी तरी नाही घेणार.
आणि ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलेल, स्पीड नाही! सिंक्रोनस मोटर आहे ती, फ्रिक्वेन्सीवर चालते. ६० ची पुली (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं चाक) ५० वर चालवलीस तर ३३⅓ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे, गायिकेचा गायक होईल :) ५० ची पुली मिळत असेल तरच पुढे जा. स्ट्रोब डिस्क (रेघांची चकती, स्पीड बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात) ठेवून खात्री कर, ५० हर्ट्झला ३३ साठी १८० रेघांची लागते, आणि उजेड साध्या बल्बचा, बरेचसे एलईडी चालत नाहीत.

जुनीसुई:
वरच्या सगळ्याला +१. संग्रहाच्या दृष्टीने याची खरी मजा स्प्रिंगवर तरंगणाऱ्या सबचॅसीत (प्लॅटर आणि टोनआर्म धरणारी आतली चौकट) आहे. ही कल्पना एडगर विल्चरच्या एआर कंपनीच्या १९६१ च्या टर्नटेबलने गाजवली, थोरेन्सने टीडी १५० मध्ये घेतली, मग हा १६० आला. प्लॅटर बोटाने हळूच दाबून सोड, सरळ वरखाली डोलला पाहिजे, तिरका हेलकावत असेल तर स्प्रिंगा लावून घ्याव्या लागतील (किचकट आहे, पण होतं). टोनआर्म (सुई धरणारा हात) मूळचा थोरेन्सचाच टीपी १६ आहे का ते विचार. दुसरा बसवला असेल तर वाजेल कदाचित जास्त चांगला पण संग्राहक नाक मुरडतात, निदान काढलेला जुना आर्म तरी मागून घे. सुई मात्र नवीच टाक, जुनी किती तास चाललीय कोणालाच माहीत नसतं, उगाच चांगल्या रेकॉर्ड खरवडायच्या.

तबकडीवेडा:
बापरे, पुलीचं लक्षातच नव्हतं आलं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या वाजतील का यावर?

रेकॉर्डकिडा:
नाही, ३३ आणि ४५ च. शिवाय ७८ ची खाच रुंद, तिला जाड सुई लागते. त्यासाठी वेगळा प्लेअर बघ. आणि हो, फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा) नसेल तर तोही लागेल, याच्या आत नसतो.